दारांवरच्या लाटा

गेल्या आठवड्यात आमचा जनरेटर भंगारात गेला. भंगारवाल्याने तो वजनकाट्यावर ठेवला, लोखंड आणि तांबं वेगळं धरलं आणि पैसे मोजले. दोरीची मूठ मात्र मी काढून ठेवली. तिच्यावरचं रबर झिजून आमच्या बोटांचे चार खळगे पडले आहेत.

बाबांनी तो २००५ च्या उन्हाळ्यात घेतला. त्याआधीच्या वर्षांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. लाइन असायची, अधूनमधून जायची, आली की रंधा मशीन पुन्हा सुरू. २०१२ नंतर तर लाइनचा त्रासच उरला नाही. मधली भारनियमनाची सात-आठ वर्षं मात्र मी विसरू शकत नाही. ती उमरेडच्या प्रत्येक वाढयाने, म्हणजे सुताराने, अंगावर काढली.

आमचं गाव खाणीला लागून. दुपारी सुरुंग उडाला की वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलेल्या करवती वाजायच्या. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, कोळशावर विजेची केंद्रं चालतात. कोराडी आणि खापरखेडा आमच्याच नागपूर जिल्ह्यात, कोराडीचा पहिला संच १९७४ चा. तरीही कोळशावर बसलेल्या गावात आम्ही सुताराचं काम कंदिलाच्या उजेडात केलं. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, राज्यात पुरेशी नवी वीज उभी राहिली नाही आणि तूट ४ ते ५ हजार मेगावॅटवर गेली. मग वीजगळती आणि बिलांची वसुली पाहून गावांचे गट पाडले गेले. जिथे गळती जास्त, तिथे अंधाराचे तास जास्त. इमानाने बिल भरणारा आणि आकडा टाकणारा एकाच फीडरवर, आणि शिक्षा दोघांना सारखी. मुंबईला झळ लागली नाही. पुण्याने २००६ मध्ये उद्योगांच्या स्वतःच्या जनरेटरची वीज घेऊन, तिचा जादा आकार भरून सुटका करून घेतली. आमच्यासाठी तसा विचार कुणी केला नाही, आणि हा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

जनरेटर विकणाऱ्याने बाबांना सांगितलं होतं, ‘यावर सगळं चालते.’ ते खरं नव्हतं. रंध्याची मोटर एक हॉर्सपॉवरची, म्हणजे ७४६ वॅट, आणि जनरेटर दोन केव्हीएच्या वरचा. हिशेब कागदावर बसतो. पण इंडक्शन मोटर उभी असताना उठायला नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. जनरेटर साधारण नऊ अँपिअरचा, मोटर मागणार पस्तीस-चाळीस. पहिल्याच दिवशी बटण दाबलं तर बल्ब मंदावला, मोटर नुसती घुमली आणि कॅपॅसिटर फुगला. दुसऱ्या महिन्यात कॉइल जळाली. रिवाइंडिंगवाल्याकडे तेव्हा रांग असायची, आणि सगळ्यांची तक्रार हीच.

मग बाबांनी स्वतः रीत बसवली. बेल्ट ढिला करून मोटर रिकामी उठवायची, वेग धरला की ताणदांड्याने बेल्ट हळूहळू घट्ट करायचा. तोवर दुसरं काही चालू ठेवायचं नाही, बल्बसुद्धा नाही. हातात धरायच्या कार्बनवाल्या मशीन, म्हणजे हातरंधा, कटर, ड्रिल, त्याच जनरेटरवर सहज चालत. म्हणून लाइन न लागलेल्या नव्या घरांची कामं आम्ही घेऊ लागलो. हातगाडीवर एका बाजूला जनरेटर, दुसऱ्या बाजूला सागवानी चौकटी, अशी आमची वरात निघायची.

तो पेट्रोलवर उठायचा आणि राकेलवर चालायचा. गरम झाला की तोटी फिरवायची. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचा, नाहीतर सकाळी दोरी ओढून खांदा निखळायची वेळ. तोटी माझ्याकडे असायची. तासाला लिटरभर तेल जळे. धुरामुळे त्याला बाहेर ठेवत असू, तरी आवाज भिंतीतून यायचा. बाबांना आता उजव्या कानाने ऐकू येत नाही.

एकदा अक्षय्य तृतीयेला वास्तुपूजन होतं आणि आदल्या रात्री दोन दारं बाकी होती. मालकाने स्वतःच सुचवलं, दारं नंतर लावू. बाबा म्हणाले, ‘काकाजी, लाइन नाही म्हणून काम नाही, असं मी नाही सांगत.’ रात्रभर रंधा चालला. मला म्हणाले, ‘आवाजाकडं कान ठेव. बसला की सांग.’ पट्टी जोरात रेटली की जनरेटरचा सूर खाली यायचा, मी ओरडायचो, बाबा हात ढिला करायचे. तेवढ्या क्षणात पात्यांचे फेरे कमी झालेले असत आणि लाकडावर बारीक लाटा उठत. एरवी बाबा त्या घासून काढत. त्या रात्री वेळ नव्हता. पहाटे दारं लागली आणि त्यांवर तोरण चढलं.

२०१२ च्या अखेरीस राज्याचा बहुतेक भाग भारनियमनमुक्त झाल्याचं जाहीर झालं. लाइन आली, काम गेलं. आता दारं तयार येतात, फळीत दाबलेला भुसा आणि वर सागाच्या रेषांचा कागद. पावसाळ्यात खालची कड फुगते, पाच-सहा वर्षांत दार बदलावं लागतं. ज्यांनी अंधारात मशीन ओढल्या, त्यांची मुलं दुसऱ्याच्या दारांना बिजागऱ्या लावायला नागपूरला जातात. अखंड वीज हवी होती तेव्हा ती नव्हती आणि आज आहे तेव्हा वर्कशॉपला कुलूप आहे. हे आपोआप घडलं, असं मी मानत नाही. त्या सात-आठ वर्षांत वाढयाची कमाई तेलात आणि रिवाइंडिंगमध्ये गेली. नवी मशीन घ्यायला, धंदा वाढवायला हाती काही उरलंच नाही.

अक्षय्य तृतीयेची ती दोन दारं अजून उभी आहेत. उमरेडात त्या वर्षांतली अशी पुष्कळ दारं असतील. तुमच्या घरी असेल आणि बदलायचं मनात असेल, तर एकदा त्याच्यावर आडवा तळहात फिरवून पाहा. लाटा लागल्या तर ते दार काढू नका.