दसऱ्यानंतरची शाळा

आषाढांत जी शाळा मुलांनीं गजबजलेली असते आणि मार्गशीर्षांत जिच्या बसकरपट्ट्या रिकाम्या दिसूं लागतात, ती शाळा चालू आहे असें म्हणावें काय? कागदोपत्रीं ती चालूच असते. घंटा वेळेवर होते, हजेरी घेतली जाते, फळ्यावर तारीख पडते. परंतु पटावरील नांव आणि वर्गांतील मूल ह्यांची जी ताटातूट बीड जिल्ह्यांत गांवोगांवीं दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास होते, तिची आपणां सर्वांस इतकी संवय जडली आहे कीं, तींत कांहीं विपरीत आहे असें कोणास वाटेनासें झालें आहे. आमचे आजचे चार शब्द त्या संवयीविरुद्ध आहेत.

बीड तालुक्यांतील लिंबागणेश हें गांव भालचंद्र गणेशाच्या स्थानामुळें भाविकांस परिचित आहे. आम्हांस मात्र येथें देवळाविषयीं लिहावयाचें नसून गांवच्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेविषयीं, आणि बालाघाटाच्या डोंगरपट्टींतील तिच्यासारख्या इतर शाळांविषयीं लिहावयाचें आहे. शहरांतील ज्या गृहस्थांनीं आपलीं मुलें इंग्रजी शाळांत घातलीं आहेत, त्यांच्या मनांत खेड्यांतील शाळेचें चित्र अजून जुनेंच आहे: एक खुर्ची, एक छडी आणि ओरडून म्हटलेले पाढे. छडी तर कायद्यानेंच बंद झाली आहे. ह्या गृहस्थांनीं एखाद्या सकाळीं अशा शाळेच्या फाटकाशीं उभें राहून आंत काय चालतें तें पाहावें.

दिवसाचा आरंभ परिपाठानें होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा व संविधानाची उद्देशिका झाली कीं एक मूल वर्तमानपत्रांतील बातम्या वाचतें, दुसरें म्हण सांगतें, तिसरें गोष्ट. घरीं पाहुणा आला असतां आईच्या पदराआड दडणारी सात वर्षांची मुलगी येथें साऱ्या शाळेपुढें उभी राहून बोलते. पहिलीच्या वर्गांत चिंचोके मोजले जातात. दहा काड्यांना दोरा बांधला कीं त्यांचा एक दशक होतो आणि सुटी काडी एककच राहते, हें मूल बोटांनीं शिकतें. जेथें पाण्याची सोय आहे तेथें भिंतीलगत परसबाग असते, आणि तींतील मेथी दुपारच्या खिचडींत पडते. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं देशांत सुरू झालेल्या ह्या आहाराच्या योजनेंत पहिली ते पांचवीच्या प्रत्येक मुलामागें रोज १०० ग्रॅम धान्य ठरलेलें आहे. निरनिराळ्या जातींचीं मुलें एका पंक्तीस मांडीला मांडी लावून जेवतात, ही गोष्ट ज्यांनीं जुना काळ पाहिला किंवा ऐकला आहे, त्यांस त्या धान्याहूनहि मोलाची वाटल्यावांचून राहणार नाहीं.

आमच्या व्यापारी वाचकांस विशेष रुचेल असा आणखी एक उपक्रम म्हणजे मुलांचा बाजार. वर्षांतून एकदां, बहुधा हिवाळ्यांत, शाळेच्या पटांगणांत मुलें आपापलीं दुकानें मांडतात. कोथिंबिरीच्या जुड्या, बोरें, चिंचा, आईनें करून दिलेला चिवडा. हातांत तराजू, डब्यांत सुटे पैसे, आणि गिऱ्हाईक म्हणून सारा गांव. नफा आणि तोटा ह्यांचा अर्थ चौथीच्या मुलास त्या दोन तासांत जितका कळतो, तितका महिनाभर पाटी घासूनहि कळत नाहीं. उन्हें कलूं लागलीं कीं जुडीचा भाव उतरवावा लागतो, आणि सख्ख्या मित्रास दिलेली उधारी वसूल होणें सर्वांत कठीण, हीं तत्त्वें पेठेंतील कित्येकांस फार महाग पडून शिकावीं लागलीं आहेत. अशा शाळेंत मुलें कांहीं शिकत नाहींत असें कोण म्हणेल?

पण हा बाजार ज्या दिवसांत भरतो, त्या दिवसांत डोंगरपट्टींतील पुष्कळ मुलें पटांगणांत नसतात. तीं उसाच्या फडावर असतात.

ऊसतोडीच्या धंद्यांत नवराबायकोच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात. माणसांची गणती हत्याराच्या नांवानें व्हावी, ह्यांतच सर्व कांहीं आलें. मुकादम हंगामाच्या कितीतरी आधीं ह्या कोयत्यास उचल देतो. ती लग्नकार्यांत, आजारपणांत, घरखर्चांत संपून जाते. आणि ती फेडण्यासाठीं दसरा-दिवाळीच्या सुमारास सगळा संसार गाडीवर चढतो. कोणी साताऱ्यास, कोणी सांगली-कोल्हापुरास, कोणी थेट कर्नाटकांत. पुढचे पांच-सहा महिने कोपींत निघतात. मुलगा वाढ्यांच्या पेंढ्या बांधूं लागतो, मुलगी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन पाणी भरते. चैत्राच्या सुमारास हीं मुलें परत येतात, तेव्हां वार्षिक परीक्षा दारांत उभी असते.

शिक्षणहक्काच्या कायद्यानें पहिली ते पांचवीसाठीं वर्षाचे निदान २०० दिवस शाळा भरली पाहिजे असें ठरविलें आहे. त्यांतील जवळजवळ निम्मे दिवस ह्या मुलांच्या वाट्यास येतच नाहींत. आश्विनांत हातचा धरावयास शिकलेलें मूल चैत्रांत हातचा विसरून येतें, आणि वरच्या वर्गांत बसतें तें केवळ वयानें. असें दोन-तीन वर्षें झालें कीं 'त्याला शाळेची गोडी नाहीं' असें आपण म्हणून मोकळे होतों. वस्तुतः मुलानें शाळा सोडलेली नसते. शाळाच त्याच्या हातांतून निसटलेली असते. पुढें तोच मुलगा मिसरूड फुटण्यापूर्वीं कोयता उचलतो आणि त्याच्या बहिणीचें कोवळ्या वयांत लग्न ठरतें.

येथें कोणी म्हणेल, आईबापच मुलांस घेऊन जातात, तेथें शाळेनें काय करावें? ह्या आक्षेपाचा विचार प्रथम कायद्याच्या अंगानें करूं. सक्तीच्या शिक्षणाची मागणी आपल्याकडे जुनी आहे. १८८२ सालीं जोतीराव फुले ह्यांनीं ती हंटर आयोगापुढें मांडली. १९११ सालीं गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत तसें विधेयक आणलें, आणि पुढच्या वर्षीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. तें मंजूर होतें तरी बीडच्या मुलांस त्याचा लाभ मिळता ना, कारण हा मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मराठवाडा त्या राज्यांतून मुक्त झाला. त्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे आधीं हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत व पुढें ह्याच जिल्ह्यांतील अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेंत शिक्षक होते, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. आमचें स्वातंत्र्य वर्गांतूनहि घडलें आहे. पुढें २००२ च्या घटनादुरुस्तीनें शिक्षण हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा मूलभूत हक्क ठरला, २००९ सालीं त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला.

ह्या कायद्यांतील 'सक्ती' कोणावर आहे, हें फार थोड्यांनीं नीट वाचलें आहे. पुष्कळांची समजूत अशी कीं, ती आईबापांवर आहे. मुलास शाळेंत घालणें हें आईबापांचें कर्तव्य कायद्यानें सांगितलें आहे खरें. पण सक्तीची व्याख्या करतांना त्यानें बोट सरकारकडे दाखविलें आहे. मूल दाखल होणें, तें हजर राहणें आणि त्यानें शिक्षण पुरें करणें, ह्या तिन्ही गोष्टी घडवून आणण्याचें बंधन आठवें कलम सरकारवर घालतें. नववें कलम स्थानिक संस्थेस आपल्या हद्दींतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवावयास लावतें, आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांस शाळेंत घेण्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत तिच्यावर टाकतें. तेव्हां 'आईबाप नेतात' हा बचाव कायद्यापुढें टिकणारा नाहीं.

तो व्यवहारापुढेंहि टिकत नाहीं. पहाटेच्या काळोखांत फडावर जाणाऱ्या आईनें आपलें सहा वर्षांचें मूल मागें गांवीं कोणाच्या भरंवशावर ठेवावें? तिला शिक्षणाचें महत्त्व पटवून देण्यास व्याख्यात्यांची गरज नाहीं. मुलाच्या दोन वेळच्या भाकरीची आणि रात्रीच्या निवाऱ्याची हमी तिला हवी आहे.

ही हमी देण्याचा मार्ग नव्यानें शोधावयाचा नाहीं. कारखान्यांच्या आसपास साखरशाळा चालवून झाल्या. सोबत नेलेल्या मुलास परगांवच्या शाळेंत बसतां यावें म्हणून शिक्षण हमी कार्डहि निघालें. परंतु फड आज ह्या शिवारांत तर महिन्यानें दुसऱ्या; कार्ड खिशांत राहतें आणि शाळा मागें पडते. तिसरा मार्ग हंगामी वसतिगृहाचा: आईबाप जातात, मूल गांवींच राहतें व त्याच्या जेवणाखाण्याची सोय होते. आमच्या मतें हाच श्रेष्ठ. ह्यांत शाळा तीच, गुरुजी तेच, सवंगडी तेच, आणि हातचा विसरावयास सवड नाहीं. मात्र त्याचें सारें यश तें केव्हां उघडतें ह्यावर आहे. गाड्या आश्विनांत हलाव्या आणि मंजुरी कार्तिकांत यावी, असा क्रम पडला, तर ज्यांच्यासाठीं चूल पेटवावयाची तीं मुलें तोंवर शेंकडों मैलांवर गेलेलीं असतात.

ह्या एका बाबतींत शाळेनें मुकादमाचा कित्ता गिरवावा. तो हंगामाची वाट पाहत बसत नाहीं. कोणता कोयता कोणत्या कारखान्यावर जाणार हें त्याच्या वहींत आधींच चढलेलें असतें. शाळेची वहीहि तशीच तयार हवी. शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे व निम्म्या स्त्रिया असाव्या, असें कायदा सांगतो. ह्या समितीनें आषाढांतच घरोघर जाऊन यादी करावी: कोणाचें कुटुंब जाणार, मागें आजी आहे कीं नाहीं, मुलगी असल्यास ती रात्रीं कोठें निजणार. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेंत ती यादी मोठ्यानें वाचली जावी, गणेश चतुर्थीपूर्वीं जिल्हा परिषदेकडे जावी, आणि घटस्थापनेस वसतिगृहाची चूल पेटावी. ह्यांत एकहि गोष्ट अशक्य कोटींतील नाहीं.

व्यापारी बंधूंकडेहि आमचें एक मागणें आहे. उचलीचा पैसा हातीं आला कीं पेठेंत कापड, भांडीं व किराणा ह्यांचा उठाव होतो, हें त्यांस आम्हीं सांगावयास नको. त्या पैशाच्या दुसऱ्या टोकास कोणाचें तरी शाळेंतील वर्ष बांधलेलें असतें. सरकारी रक्कम हातीं पडेपर्यंत पहिल्या महिन्याचें धान्य त्यांनीं आपापल्या बाजारच्या गांवीं वसतिगृहास उधार द्यावें. आम्ही दान मागत नाहीं, केवळ उधारी मागतों; आणि लहानपणीं मित्रास दिलेल्या उधारीपेक्षां ही बुडण्याचें भय खचित कमी आहे.

येत्या हिवाळ्यांत लिंबागणेशासारख्या गांवच्या शाळेंत मुलांचा बाजार भरेल, तेव्हां मोठ्या माणसांनीं कोथिंबिरीची जुडी अवश्य विकत घ्यावी. पण घेतांना पट मागवून, कोणत्या मुलाचें दुकान आज मांडलें गेलें नाहीं, हेंहि मोजावें. ती संख्या शून्यावर येईल, तेव्हांच आमच्या गांवाला शाळा आहे असें म्हणण्याचा अधिकार आपणांस पोंचेल.