तटस्थ धावपट्टीवरील लष्करी पाहुणे

पुण्याचे लोहगाव आणि गोव्याचे दाबोळी या ठिकाणी धावपट्टी अनुक्रमे वायुदलाची व नौदलाची असून नागरी प्रवासी तेथे एका अर्थी पाहुणा असतो. आयर्लंडच्या पश्चिमेस, क्लेअर परगण्यातील शॅनन येथे हे नाते उलटे आहे, कारण तेथे विमानतळ नागरी आणि पाहुणी ती लष्करी विमाने. 1947 साली जगातील पहिले विमानतळावरील करमुक्त दुकान उघडणारा, अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांच्या इंधनासाठी सोयीचा असा हा थांबा इराकवरील चढाईच्या तयारीत अमेरिकी सैन्याच्या वाटेवरचा मुक्काम बनला. तटस्थ म्हणवणाऱ्या या देशात 1952 च्या आदेशानुसार परदेशी लष्करी विमानाला परराष्ट्रमंत्र्यांची परवानगी लागते आणि ती विमान निःशस्त्र असण्याच्या अटीवर मिळते. पण अट पाळली जाते की नाही हे विमानात शिरून पाहण्याऐवजी सरकार पाहुण्याच्या शब्दावर विसंबते, आणि वादाचे मूळ तेथेच आहे.

29 जानेवारी 2003 रोजी एका स्त्रीने अमेरिकी नौदलाच्या सी-40 या, बोइंग 737 वर आधारलेल्या विमानावर कुऱ्हाड चालवली. ते दुरुस्तीसाठी हँगरमध्ये उभे असतानाच 3 फेब्रुवारीला पाच कॅथलिक शांततावाद्यांनी आत शिरून त्यावर हातोडे घातले आणि मग तेथेच गुडघे टेकून प्रार्थना सुरू केली. पाच दिवसांत त्याच विमानावर दुसरा घाव बसल्यावर सरकारने पहाऱ्यासाठी सैन्य आणले, म्हणजे परक्या सैन्याच्या राखणीला घरचे सैन्य उभे राहिले.

याला केवळ पहारेकऱ्यांची ढिलाई म्हणणे उथळ ठरेल. नागरी विमानतळाची सुरक्षा मुख्यतः प्रवाशाच्या वाटेवर, त्याच्या सामानाच्या तपासणीवर एकवटलेली असते, कारण तिला अपहरण आणि घातपात यांची धास्ती असते; मैलोगणती पसरलेले तारेचे कुंपण वाट चुकलेल्याला अडवते, पण तार कापायचे ठरवून आलेला आणि पळून न जाता अटकेची वाट पाहणारा माणूस तिच्या हिशेबात बसत नाही. कायद्यातही अशीच फट आहे: विमानांवरील घातपाताविरुद्धचा 1971 चा माँट्रियल करार लष्करी, सीमाशुल्क आणि पोलिसी विमानांना मुळी लागूच होत नाही, त्यामुळे असे खटले सामान्य फौजदारी कायद्यानेच चालतात.

त्या कायद्यात ‘वैध सबब’ नावाची तरतूद आहे, म्हणजे कोणाचा जीव वा मालमत्ता वाचवण्यासाठी नुकसान करणे आवश्यक आहे असे आरोपीला प्रामाणिकपणे वाटत असेल तर तो बचाव ठरू शकतो. पाच जणांचे पहिले दोन खटले मध्येच रद्द झाले आणि जुलै 2006 मध्ये डब्लिनच्या ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. त्याआधी, 2003 मध्येच, एका निवृत्त आयरिश लष्करी अधिकाऱ्याच्या दाव्यात उच्च न्यायालयाने आंतरराष्ट्रीय कायद्यातील तटस्थतेशी हा सैन्यप्रवास विसंगत असल्याचे मान्य केले होते, मात्र तो नियम देशांतर्गत न्यायालयात बंधनकारक नाही म्हणून दावा फेटाळला होता. तत्त्व कबूल आणि उपाय नाही, अशी ही चमत्कारिक स्थिती होती.

17 मार्च 2019 रोजी दोन वयोवृद्ध अमेरिकी माजी सैनिक कुंपणाला भगदाड पाडून धावपट्टीकडे गेले. 2022 मध्ये ज्यूरीने त्यांना कुंपणाच्या नुकसानीच्या आरोपातून सोडले, विमानतळाच्या कामकाजात व्यत्यय आणल्याबद्दल मात्र दोषी ठरवले, आणि न्यायालयाने प्रत्येकी 5,000 युरो दंड केला.