वाफशाच्या दिवशी

पहाटे ५
औसा तालुक्यातल्या आमच्या शिवारात मृग कोरडाच गेला. आर्द्रा निघाल्या आणि दोन-तीन दमदार पावसांनी १०० मि.मी.चा आकडा ओलांडला. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विभाग दर साली सांगतो. तरीही पहिल्याच पावसावर घाई करून दुबार पेरणीच्या खर्चात बुडालेली घरं आमच्या भागात कमी नाहीत. मी वावरात जाऊन विळ्याने चार बोटं माती उकरते आणि मुठीत दाबते. गोळा होतो, टिचकी मारली की फुटतो. वाफसा आला. काळी माती याहून ओली असली तर फणाला चिकटून नळ्या बुजतात. याहून सुकली तर बी अर्धवट फुगून मरतं. आज पेरायचं.

सकाळी ६
बियाणं घरचंच आहे. सोयाबीन स्वपरागीकरणाचं पीक, त्यामुळे प्रमाणित बियाण्यापासून आलेला माल पुढची दोन-तीन वर्षं बी म्हणून चालतो. दर साली नवी पिशवी घ्यावी लागत नाही, ही आमच्यासारख्या घरांची मोठी बचत. मात्र या दाण्याचं टरफल फार नाजूक. पोतं उंचावरून आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो. म्हणून बियाण्याची रास करताना मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवले, पोत्यांची थप्पी उंच लावली नाही. मे महिन्यात १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहिली, ती ७०च्या वर भरली.

बुरशीनाशक काल संध्याकाळीच चोळून ठेवलंय. आता रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, दहा किलोला प्रत्येकी २५० ग्रॅम. क्रम उलटा झाला तर बुरशीनाशकाने जिवाणूंचंच नुकसान होतं. पाणी शिंपडण्यापुरतं घ्यायचं, नाहीतर टरफल सुरकुतून सोलतं. हलक्या हाताने चोळून बी सावलीत पसरते.

सकाळी ८
शेतकरी गटाचं बीबीएफ यंत्र दारात आलंय. गावात सगळे बीबीएफच म्हणतात. पुस्तकात रुंद वरंबा सरी. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी ही पद्धत पुढे आणली, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ती आमच्या भागात पोचवण्यासाठी बरंच काम केलं. यंत्र एका फेरीत वरंबा करतं, दोन्ही अंगांना सरी काढतं, वर ४५ सें.मी. अंतरावर चार तासं पेरतं आणि खत बियाण्याच्या थोडं खाली सोडतं.

माझ्या सासूबाई, आत्याबाई, पाभरीच्या काळात चाड्यावर मूठ धरायच्या. त्यांची मूठ अशी सारखी पडायची की शेजारची माणसं पेरणीला त्यांना बोलवायला यायची. आज त्या यंत्राशेजारी बसून चार नळ्यांखाली चार वाट्या ठेवतात. माझे यजमान जमिनीवरचं चाक उचलून हाताने फिरवतात, चकत्या फिरतात, वाट्यांत दाणे पडतात. तिसरी वाटी हलकी भरली.

"चकतीत काडी अडकली असंल, बघा," आत्याबाई म्हणतात. खरंच तुटकं टरफल खाचेत बसलेलं निघतं. ते काढून पुन्हा फिरवलं, वाट्या सारख्या झाल्या. अर्धा तास गेला, पण हाच अर्धा तास दिवसभराच्या पेरणीला पुरतो.

सकाळी ९
ट्रॅक्टरला हळद-कुंकू, नारळ, आणि पहिलं तास. उताराला आडवं चालायचं, हे बांधावरून नजरेने ठरवतो. दहा पावलं गेल्यावर थांबून मी माती बाजूला करते. दाणा ३ ते ५ सें.मी. खोल हवा, आमचा सहावर गेलाय. फण वर घेतो, पुन्हा पाहतो, मग सलग चालू.

सकाळी ११
आत्याबाई आणि मी आळीपाळीने मागे चालतो. चालकाला वळून प्रत्येक नळी बघता येत नाही. "थांबव रे बाबा, कडेची नळी बंद पडली!" ओल्या ढेकळाने तोंड बुजलेलं असतं. लक्ष गेलं नसतं तर अख्खं तास मोकळं राहिलं असतं आणि ते आठवड्याने कळलं असतं. सपाट पेरणीला एकरी ३० किलो बी जायचं, वरंब्यावर २२ ते २५ किलोत भागतं. बी कमी, म्हणून चूक झाली तर ती जास्त बोचते.

दुपारी १
बाभळीखाली भाकरी, पिठलं, ठेचा. बोलणं पावसाचं. २०२३चा ऑगस्ट १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ठरला. तेव्हा सरीत मुरलेल्या ओलीवर पीक टिकून राहिलं. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात उलट झालं. अतिवृष्टीचं पाणी आमच्या वरच्या वावरातून सऱ्यांनी निघून गेलं; नदीकाठची जमीन मात्र पुराने खरवडून नेली, तिथे कुठलाच वरंबा कामाला आला नाही. ताण आणि पाणथळ, दोन्हींत ही पद्धत आधार देते. पुराला उत्तर नाही, हे आम्ही गटाच्या बैठकीत स्पष्ट सांगतो.

दुपारी ३
शेवटच्या तुकड्यात सोयाबीनबरोबर तूर. तिचा दाणा आणि अंतर वेगळं, म्हणून चकती बदलायची. आजच्या कामावर पुढचे तीन हंगाम उभे आहेत: दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची रास, मोकळ्या झालेल्या वरंब्यांवर हरभरा, संक्रांतीच्या आसपास तूर, आणि फाल्गुनात हरभऱ्याची काढणी. आलेला पैसा त्याच क्रमाने वाटला जातो: सोयाबीनचा बँकेत, तुरीचा लेकरांच्या फीला, हरभऱ्याचा पुढच्या खताला.

सायंकाळी ५
आभाळ पश्चिमेला काळं झालं. मोबाइलवर दामिनी ॲप जवळ वीज दाखवतंय. तुकडा अर्धा राहिलाय, तरी सगळे झाडापासून लांब, घराकडे. राहिलेलं वाफसा आल्यावर पेरू. १५ जुलैपर्यंत वेळ आहे.

रात्री ८
वहीत लिहिते: वाण, किती किलो बी, कुठला तुकडा, चकतीचा नंबर. मग थोरल्या लेकीला वाट्यांचं गणित समजावते. अनुदानातून यंत्रं गावोगाव आली, चांगलंच झालं. पण प्रशिक्षणाला बहुतेक वेळा सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषालाच बोलावतात, आणि बियाणं निवडणारी, चोळणारी, नळीवर नजर ठेवणारी बाई घरी राहते. चकती कशी तपासायची, खोली कशी बांधायची, हे आत्याबाईंसारखीला आणि माझ्या लेकीसारखीलाही शिकवा. गटाच्या पुढच्या बैठकीत मी हीच मागणी लेखी देणार आहे.