चार हजारांत गाडीला चपळाई : छोट्या व्यापाऱ्याच्या छोट्या मोटारीचा हिशेब

कापडाच्या धंद्यात माल ट्रान्सपोर्टने जातो, पण व्यापारी मात्र आपल्या छोट्या गाडीने फिरतो. मालेगावहून भिवंडी, चाळीसगाव, धुळे अशा फेऱ्या आठवड्याला ठरलेल्या असतात. गाडीत दोन-तीन माणसे, मागे नमुन्यांचे गठ्ठे, कधी एखाद्या गिऱ्हाईकाचे तातडीचे थान. आमच्या बिरादरीतील बहुतेक छोट्या व्यापारी-कारागिरांकडे जी गाडी आहे ती एकाच घराण्यातील आहे. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली आणि 2014 मध्ये बंद झाली. ओम्नी 2019 मध्ये आणि आल्टो 800 2023 मध्ये बंद झाली. या सर्वांचे इंजिन 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे. नवी मिळत नसली तरी या गाड्या आजही हजारोंच्या घराचा आणि धंद्याचा आधार आहेत. त्यांच्याबद्दल एकच तक्रार वारंवार ऐकू येते, ती म्हणजे "गाडी उचलत नाही."

आमची आल्टोही उचलत नव्हती. आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले, कारण गाडी चालत तर होती. मग एके दिवशी चाळीसगावच्या बाजूला, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर, उसाने भरलेल्या ट्रॉलीला मागे टाकण्यासाठी आम्ही गाडी बाहेर काढली. पाय पूर्ण दाबला, इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडी ट्रॉलीच्या बरोबरीलाच रेंगाळली. समोरून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने गाडी कच्च्यात उतरवली म्हणून आज आम्ही हा मजकूर लिहीत आहोत. अल्लाहचा शुक्र आहे. गाडीत आमच्याखेरीज दुसऱ्यांची दोन मुले होती. त्या दोघांच्या घरच्यांना आम्ही काय उत्तर दिले असते, हा विचार त्या रात्री झोपू देईना.

घरी आल्यावर चिरंजीवांनी उपाय सुचवला. शहरातल्या एका दुकानातून त्यांनी अंदाजपत्रक आणले होते. रुंद टायर, चकचकीत अलॉय चाके, उघडा एअर फिल्टर, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, सर्व मिळून चाळीस हजार. आम्ही म्हटले, "बेटा, आधी गाडी आजारी आहे की अशक्त, हे तरी पाहू. आजारी माणसाला पैलवानाचा लंगोट नेसवून तो कुस्ती जिंकत नाही." मर्यादा ठरली पाच हजारांची.

आधी मोजमाप

व्यापाऱ्याने मोजल्याशिवाय काही मानू नये. रिकाम्या, सरळ रस्त्यावर तिघेजण बसून, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 40 वरून 70 पर्यंत पोहोचायला किती सेकंद लागतात ते आम्ही घड्याळावर पाहिले. तीन वेळा मोजले, सरासरी 13 सेकंद आली. मोजणी नेहमी त्याच रस्त्यावर, तितक्याच माणसांसह आणि एसी बंद ठेवून करावी. घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्यावे. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच हवी.

मग ओळखीच्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी पानाही उचलला नाही. आम्हाला बसवून म्हणाले, "सेठ, इंजिन बंद ठेवा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा." त्यांनी बॉनेट उघडून पाहिले. आमचा पाय फरशीला टेकला होता, पण केबल ढिली पडल्यामुळे थ्रॉटल मात्र अर्ध्याहून थोडे अधिकच उघडत होते. म्हणजे पेढीत माल भरलेला आणि दुकानाचे शटर अर्धेच वर! केबल ताणून घेण्याला पाच मिनिटे लागली, पैसे मजुरीत आले. जुन्या, केबल असलेल्या गाड्यांत ही तपासणी सर्वांत आधी करावी. दोन माणसे आणि दोन मिनिटे पुरतात.

काय काय केले

दुसरी गोष्ट ब्रेकची. उस्तादांनी एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले. मागचे एक चाक अडखळत होते. ब्रेक सुटल्यावरही घासत होते, हँडब्रेकची दोरीही जास्त ताणलेली. म्हणजे आम्ही रोज ब्रेक लावूनच गाडी हाकत होतो. ब्रेक साफ करून नवे लायनर बसवले. गाडीच्या पळण्याइतकीच तिच्या थांबण्याची काळजी घ्यावी लागते, हेही येथेच सांगून ठेवतो.

तिसरी गोष्ट प्लगची. तीन सिलिंडरच्या इंजिनात एका प्लगची ठिणगी चुकू लागली की ताकदीचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. प्लग काढून त्याचे तोंड पाहावे. फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही किंवा हवा कमी मिळते. तेलकट ओले असेल तर रिंग-व्हॉल्व्ह झिजल्याची शंका घ्यावी. तसे असल्यास आधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनावर फिल्टर-प्लगचा खर्च म्हणजे फाटक्या कापडावर जरीकाम. आमचे कॉम्प्रेशन ठीक निघाले.

चौथी गोष्ट हवा-पेट्रोलची. आमच्या एअर फिल्टरमध्ये यंत्रमागाच्या कारखान्याबाहेर गाडी उभी राहून राहून कापसाचा भुसाच भरला होता. मालेगाव, भिवंडीकरांनी फिल्टर कंपनीच्या मुदतीआधीच पाहावा. फिल्टर नवा घातला, थ्रॉटल साफ केले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. चाकांची अलाइनमेंट करून घेतली आणि टायर थंड असताना कंपनीच्या पुस्तकात दिली आहे तेवढी हवा भरली. हवा कमी असली की टायर दबतो आणि इंजिनाची ताकद रबर मळण्यात जाते.

खर्चाचा तपशील असा : तीन प्लग 450, एअर फिल्टर 250, पेट्रोल फिल्टर 300, थ्रॉटल सफाई 600, ब्रेकचे लायनर व सफाई 1400, अलाइनमेंट 400, केबल व इतर मजुरी 500. एकूण 3900 रुपये. दर गावोगाव वेगळे असतील, पण आकडा याच्या आसपास बसावा.

वजन हा लपलेला खर्च

आल्टोची ताकद सुमारे 47 अश्वशक्ती आणि रिकामे वजन सव्वासातशे किलोच्या आसपास. तिच्यात चार माणसे आणि ऐंशी किलो नमुने घातले की साडेतीनशे किलोंच्या जवळ भर पडते, म्हणजे गाडी दीडपट होते. ताकद तेवढीच, ओझे दीडपट, मग चपळाई कोठून येणार? आमच्या डिकीत जुने हिशेबाचे चोपडे, दोन लोखंडी रॉड, एक फुटका स्टँड आणि मागच्या ईदचे न विकलेले थान निघाले. ते उतरवले. पूर्ण थानांऐवजी नमुन्याचे तुकडे चिकटवलेली वही न्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईकालाही ती सोयीची वाटते. छतावरचे रिकामे कॅरिअरही काढले, कारण वेग वाढला की ते हवा अडवते. या कामाला एक पैसाही लागला नाही.

सीएनजीवर गाडी चालवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वायू सिलिंडरमध्ये हवेची जागा घेतो, म्हणून ताकद साधारण दहाव्या हिश्श्याने घटते आणि टाकीचे वजन वेगळेच. घाट चढताना किंवा लांब ओव्हरटेकचा रस्ता असताना गाडी पेट्रोलवर घ्यावी. तसेच 2025 पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचले आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे ऊर्जा कमी असते आणि ते ओलावा धरते. जुन्या गाड्या एवढ्या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. त्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर दर सर्व्हिसिंगला तपासावेत. पेट्रोलची गळती हा चपळाईचा नव्हे, आगीचा प्रश्न आहे.

काय करू नये

रुंद, जड चाकांनी छोटी गाडी सुस्त होते. चाक जितके जड आणि मोठे, तितके ते फिरवायला जोर जास्त. महागडे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल साध्या इंजिनाला फायदा देत नाही. ते जास्त दाबाच्या इंजिनांसाठी असते. पेट्रोलच्या नळीवर लावायची चुंबके, ताकद वाढवण्याच्या पुड्या, यांवर पैसे घालू नयेत. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आवाज वाढतो आणि माणसाला वेग वाढल्याचा भास होतो. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरने दंड होतो आणि मोहल्ल्यातल्या आजारी, वृद्धांची झोप मोडते ती वेगळीच. इंजिन बदलण्याचा विचार असेल तर मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 पाहावे. नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरफार करता येत नाही, इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते. विमा कंपनीला न सांगता केलेला फेरफार अपघातानंतर दावा अडवू शकतो.

पाय आणि गिअर

शेवटची चूक आमचीच होती. ट्रॉली मागे टाकताना आम्ही चौथ्या गिअरमध्येच पाय दाबला होता. छोट्या इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांवर असते. बाहेर पडण्याआधीच तिसरा, गरज पडल्यास दुसरा गिअर घ्यावा, एसी बंद करावा आणि मग निघावे. चढावर इंजिन गुरगुरते पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. तो बदलण्याचा खर्च वेगळा धरावा लागेल.

सर्व झाल्यावर त्याच रस्त्यावर, तितक्याच माणसांसह पुन्हा मोजले. 13 सेकंदांचे साडेनऊ झाले. साडेतीन सेकंद म्हणजे काय, असे कोणी विचारेल. आपण आणि समोरचा ट्रक दोघेही ताशी 60 च्या वेगाने एकमेकांकडे येत असू, तर दर सेकंदाला मधले अंतर 33 मीटरने घटते. साडेतीन सेकंदांत ते एकशे पंधरा मीटरच्या जवळपास होते. त्या दिवशी ट्रकवाल्याने आम्हाला जे अंतर स्वतः कच्च्यात उतरून दिले, ते आम्ही 3900 रुपयांत विकत घेऊ शकलो असतो.

चिरंजीव अजूनही अलॉय चाकांची आठवण काढतात. त्यांना आम्ही घड्याळ दाखवतो. उरलेल्या पैशांतून दोन्ही मागच्या सीटना नवे बेल्ट बसवले. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपण मुलांना देतो. गाडीच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे केबल, ब्रेक आणि टायर पाहणे. आणि एवढे करूनही समोरचा रस्ता मोकळा दिसत नसेल, तर ट्रॉलीच्या मागेच राहावे. गिऱ्हाईक पाच मिनिटे थांबते. घरचे जी वाट पाहतात ती वाट वाया जाऊ नये.