कानशिलावरची शीर आणि डोळ्यांची ज्योत

डोकेदुखीला आपल्याकडे कोणी फारसे जुमानत नाही. सुंठ उगाळून कपाळाला लावली, फडके आवळून बांधले, की माणूस आपल्या कामाला लागतो. बहुतेक वेळा त्यात काही बिघडतही नाही. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाला क्वचित अशी डोकेदुखी जडते, की तिच्याकडे काणाडोळा केला तर डोकेदुखी राहते बाजूला आणि दृष्टीच जाते. त्या रोगाचे नाव जायंट सेल आर्टरायटिस. मराठीत म्हणावयाचे तर महापेशीय धमनीदाह. मी वैद्यक शिकलेलो नाही. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. पण या रोगाच्या निदानात पुराव्याचा मोठा विचार करावा लागतो, आणि तो विचार घरोघरी कळण्याजोगा आहे.

प्रथम रोग काय ते पाहू. हृदयापासून रक्त वाहून नेणाऱ्या नळ्यांना धमन्या म्हणतात. कानाच्या किंचित पुढे, कानशिलावर बोट ठेवा. एक शीर ठुकठुक उडताना लागेल. ती अशीच एक धमनी. या रोगात शरीराची स्वतःच्या रक्षणाची यंत्रणाच बिथरते आणि मोठ्या व मध्यम धमन्यांच्या भिंतींवर उलटते. भिंत सुजते, जाड होते, आतली वाट अरुंद होते. मग त्या धमनीवर जे अवयव अवलंबून, त्यांना रक्त पुरेनासे होते.

लक्षणे यावरूनच समजतात. कानशिलात नव्यानेच ठणका लागतो. डोक्याची कातडी इतकी हुळहुळी होते, की केसांतून फणी फिरवता येत नाही. भाकरीचे चार घास चावले की जबडा भरून येतो आणि थांबले की उतरतो, कारण चावणाऱ्या स्नायूंना रक्त कमी पडते. कित्येकांचे खांदे व कंबरेचे सांधे सकाळी आखडतात, बारीक ताप येतो, वजन घटते. घरातली माणसे म्हणतात, "वय झालं, आता असं चालायचंच." पण डोळ्याच्या मज्जातंतूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या बंद झाल्या, तर एका डोळ्यापुढे अचानक अंधार येतो. गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. उपचार झाला नाही तर थोड्याच दिवसांत दुसऱ्या डोळ्याचीही तीच गत होऊ शकते.

हा रोग पन्नाशीच्या आत जवळजवळ होतच नाही. सत्तरीच्या पुढे तो अधिक, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. उत्तर युरोपातील व तेथून अमेरिकेत गेलेल्या लोकांत त्याचे प्रमाण मोठे आहे. भारतात तो विरळा. पण येथील रुग्णांचीही नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. विरळा म्हणूनच तो ध्यानात येत नाही, हा त्यातला धोका.

लंडनचे शल्यवैद्य जोनाथन हचिन्सन यांनी १८९० मध्ये एका वृद्धाची हकीकत लिहिली. त्याच्या डोक्यावर लाल रेघा उमटल्या होत्या आणि त्या इतक्या दुखत, की त्याला टोपी घालवत नसे. त्या रेघा म्हणजे सुजलेल्या धमन्या होत्या. परंतु भिंतीच्या आत काय घडते ते कळले अमेरिकेत. मेयो क्लिनिकमधील डॉ. बेयर्ड हॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन रुग्णांच्या कानशिलावरच्या धमनीचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि १९३२ मध्ये ते प्रसिद्ध केले. जिवंत माणसाच्या अंगातला लहानसा तुकडा काढून असा तपासणे, यालाच बायॉप्सी म्हणतात.

ही बायॉप्सी कशी करतात? कानशिलाजवळचे थोडे केस काढून तेवढीच जागा बधिर करतात. लहानशी चीर देऊन धमनी मोकळी करतात, दोन्ही टोके बांधून मधला तुकडा काढतात आणि टाके घालतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. "शीरच कापली तर डोक्याला रक्त कोठून मिळणार?" अशी भीती वाटणे साहजिक आहे. पण डोक्याच्या कातडीत धमन्यांचे दाट जाळे असते. एक वाट बंद झाली तरी दुसऱ्या वाटांनी रक्त पोहोचते. भुवई उचलणाऱ्या मज्जातंतूला इजा होण्यासारखे प्रकार क्वचित होतात. म्हणून हे काम सरावलेल्या हाताचे.

सूक्ष्मदर्शकाखाली धमनीच्या भिंतीत दाहाच्या पेशींची गर्दी दिसते. भिंतीतला लवचिक पडदा जागोजाग तुटलेला असतो. पुष्कळदा अनेक केंद्रके असलेल्या मोठमोठ्या पेशी आढळतात. त्याच महापेशी, रोगाचे नाव त्यांच्यावरून पडले. मात्र त्या प्रत्येक तुकड्यात असतातच असे नाही.

आता तर्काचा मुद्दा. तुकड्यात रोग दिसला, तर निदान पक्के. पण दिसला नाही, तर रोग नाही असे म्हणता येईल का? येत नाही. जुने नैयायिक सांगत, की पर्वतावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहेच. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही असे होत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. येथेही तसेच. हा रोग सलग पसरत नाही. उसाच्या एका पेरात कीड असावी आणि पुढचे पेर स्वच्छ निघावे, तसा तो टप्प्याटप्प्याने असतो. नेमका निरोगी टप्पा हाती आला, तर बायॉप्सी कोरी येते. म्हणून तुकडा निदान एक सेंटिमीटर लांब असावा, शक्यतो त्याहून जास्त, आणि त्याचे अनेक काप तपासावेत. युरोपात ३८१ रुग्णांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना हा रोग असल्याचे अखेरीस ठरले, त्यांपैकी शेकडा ३९ जणांचीच बायॉप्सी तसे सांगत होती. इतर अभ्यासांत हे प्रमाण बरेच अधिक आहे. पण शंभर कोठेच नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? उपचारासाठी. स्टेरॉइड जातीचे कॉर्टिझोन या रोगावर चालते असे १९५० मध्ये मेयो क्लिनिकमधूनच जाहीर झाले, आणि आजही मुख्य औषध त्याच जातीचे आहे. ते घेताच डोकेदुखी एकदोन दिवसांत ओसरते. परंतु ते वर्ष-दोन वर्षे हळूहळू कमी करीत घ्यावे लागते. त्याने रक्तातली साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो. आपल्याकडे आणखी एक विचार आहे: अंगात सुप्त असलेला क्षय या औषधाने जागा होऊ शकतो. सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या आजीला वर्षभर असे औषध द्यायचे, तर रोग खरोखर तोच आहे याची खातरजमा नको का? बायॉप्सीचा खरा उपयोग येथे आहे.

पण खातरजमेसाठी औषध अडवून धरू नये. दाट संशय असेल तर डॉक्टर त्याच दिवशी औषध सुरू करतात आणि बायॉप्सी मागाहून, शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करतात. औषध चालू असले तरी भिंतीतल्या खुणा तेवढ्यात पुसल्या जात नाहीत. डोळा अहवालाची वाट पाहत नाही. धमनी मात्र थोडे दिवस आपली साक्ष जपून ठेवते.

इतर साक्षीदारही आहेत. रक्ताच्या तपासणीत ई. एस. आर. व सी. आर. पी. बहुधा फार वाढलेले असतात. सोनोग्राफीत सुजलेल्या धमनीभोवती काळसर कडे दिसते. तज्ज्ञ व चांगले यंत्र हाताशी असेल तर आधी सोनोग्राफी करावी, असा युरोपातील संधिवाततज्ज्ञांचा २०१८ चा सल्ला आहे. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये बायॉप्सीलाच पसंती दिली. दोघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे: उपचाराला उशीर नको. स्टेरॉइडचे प्रमाण लवकर उतरवता यावे म्हणून टोसिलिझुमॅब हे औषधही २०१७ पासून या रोगावर मान्य झाले आहे. ते महाग आहे, म्हणून तेथेही निदान पक्के असलेले बरे.

शिक्षकबंधू-भगिनींनो, गावात शंका विचारायला लोक पुष्कळदा आधी आपल्याकडेच येतात. पन्नाशीपुढच्या कोणाला नवीनच डोकेदुखी लागली, केस विंचरताना डोके दुखू लागले, चावताना जबडा भरून येऊ लागला, तर त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवा आणि ही लक्षणे एकत्र सांगायला सांगा. एका डोळ्याला क्षणभर जरी अंधारी आली किंवा एकाचे दोन दिसले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी. बायॉप्सीचे नाव निघाले तर घाबरू नये. बायॉप्सी कोरी आली म्हणून औषध आपल्या मनाने सोडू नये, आणि बरे वाटले म्हणूनही सोडू नये. औषध कमी करायचे ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून. शिरेचा एक लहान तुकडा गेल्याने माणसाचे काही अडत नाही. दृष्टी गेली, तर चालत्याफिरत्या माणसाला उंबरठा ओलांडायलाही दुसऱ्याचा हात धरावा लागतो.