कॅसिओ बंद पडला म्हणून भंगारात देऊ नका



वरातीतली नागिणीची धून कुणाला ठाऊक नाही? १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटात ती पुंगीवर वाजलेलीच नव्हती. कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. आपल्या भजनी मंडळातला सिंथेसायझर त्याच घराण्यातला. कंपनी कुठलीही असो, आपण त्याला ‘कॅसिओ’च म्हणतो.

चुडाव्यात तो बंद पडला, तर आम्हाला पूर्णा नाहीतर नांदेड गाठावं लागतं. भाडं जातं, दिवसाची मजुरी बुडते. तिथं कुणी म्हणालं, “बोर्ड गेला,” तर खरं-खोटं कसं कळणार? म्हणून घरीच आधी काय बघायचं, ते सांगतो.

चालूच होत नाही. आधी सेल घालून बघा. सेलवर वाजला, तर वाद्य ठीक आहे. दोष अडॅप्टरमध्ये किंवा पिनेच्या खोबणीत आहे. पिन हलवली की चालू-बंद होत असेल, तर आतलं सोल्डरिंग सुटलेलं असतं. ते छोटं काम आहे.

दुसरा अडॅप्टर लावताना पिन बसली एवढ्यावर जाऊ नका. जुन्या कॅसिओंना बहुधा ९ व्होल्ट लागतात आणि पिनेच्या आतली बाजू ऋण असते. यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डना १२ व्होल्ट लागतात आणि आतली बाजू धन असते. अडॅप्टर उलटा पडला तर चांगलं वाद्य जळू शकतं. वाद्यावरचा आकडा आणि अधिक-उणेची खूण अडॅप्टरशी जुळवा.

दिवा लागतो, पण आवाज नाही. हेडफोनच्या भोकात काही अडकलंय का बघा. तिथं पिन असली की स्पीकर बंद होतो. मग हेडफोन लावून ऐका. त्यात आवाज आला, तर दोष स्पीकरच्या बाजूला आहे.

पेटीशी सूर जुळत नाही. हा बिघाड नसतोच. गाणारीसाठी कुणीतरी ‘ट्रान्सपोज’ बदललेलं असतं. ते शून्यावर आणा.

एखादीच पट्टी मुकी. पट्टीखाली रबर असतं आणि रबराला काळे ठिपके. पट्टी दाबली की ठिपका खालच्या बोर्डाला टेकतो, तेव्हा सूर निघतो. मध्ये धूळ, बुक्का किंवा उदबत्तीची राख गेली की सूर बंद. ती जागा कापसाच्या काडीनं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसतात. रॉकेल, पेट्रोल, खोबरेल तेल अजिबात नको.

आवाज वाढवताना खरखर. वाद्य बंद ठेवून आवाजाचं बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बऱ्याचदा एवढ्यानं भागतं.

साठवलेले आवाज पुसले गेले. यामाहाच्या १९८३ सालच्या डीएक्स-७ सारख्या जुन्या वाद्यांत आठवण टिकवायला आत बटणासारखा सेल असतो. तो संपला की साठवलेलं जातं. वाद्य मेलं, असं नाही.

आता थांबायचं कुठं? ज्या वाद्याची वायर अडॅप्टरशिवाय थेट बोर्डात जाते, ते आणि अॅम्प्लिफायर उघडू नका. वायर काढली तरी आतल्या कॅपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असू शकते. जळका वास आला, तर लगेच बंद करा.

मेकॅनिककडे जाताना आपण काय काय तपासलं ते सांगा, खर्च आधी विचारा, बदललेला जुना भाग परत मागा. तारीख, बिघाड आणि रक्कम गटाच्या वहीत लिहा.

सप्ताह आटोपला की सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून पत्रे खातात. वाद्यावर धुतलेलं सुती लुगडं टाका. गटाच्या पैशातून घेतलेली वस्तू आहे. तिची ओळख एकीलाच नको, निदान तिघींना हवी.