हवेतलं पान, पाण्यातलं पान

पहाटे साडेपाच. कल्याण-शीळ रस्ता आणि मुंब्र्याहून पनवेलला जाणारा जुना रस्ता शीळफाट्याला एकत्र येतात. तिथे वाहनं अडकायला लागण्याआधी मत्स्यटाकीतल्या झाडांच्या माझ्या नर्सरीत पोहोचलं तरच दिवस हाताशी राहतो. ग्रीननेटखाली शिरलं की आधी ट्रेवरचं प्लास्टिक बघायचं. आतून दव धरलेलं असलं तर ठीक. कोरडं दिसलं तर पानांच्या कडा दुपारपर्यंत करपणार, म्हणून लगेच फवारा मारायचा.

पाण्यातली झाडं ट्रेमध्ये का, असं नवीन माणूस हमखास विचारतो. अनुबियास, क्रिप्टोकोरायन, रोटाला ही मुळात ओढ्याकाठची, दलदलीतली झाडं. वर्षातला काही काळ पाण्याबाहेर, काही काळ पाण्याखाली. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे मुळं ओल्या कोकोपीटमध्ये आणि पानं दमट हवेत ठेवली की वाढ भराभर होते, शेवाळ चढत नाही, गोगलगायही नसते. जगभरातल्या बहुतेक मोठ्या नर्सऱ्या याच पद्धतीने झाडं वाढवतात.

सात वाजता पाणी. बोअरचं पाणी जड, फवारलं की पानांवर पांढरे डाग पडतात. म्हणून नळाचं पाणी ड्रममध्ये रात्रभर उघडं ठेवतो, क्लोरीन उडून जावा एवढ्यासाठी. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून आकडा वहीत लिहायचा. पावसाळ्यात हा आकडा खाली येतो, मे महिन्यात वर चढतो, आणि खताचं माप त्याप्रमाणे बदलावं लागतं.

आठ ते अकरा छाटणी. दिवसातलं खरं काम हेच. जवळच्या गावातल्या मावशी येतात. त्यांची उमर भातलावणीत गेली. रोटालाची काडी त्या चिमटीत धरतात, पेऱ्याच्या जरा खाली तिरका काप देतात, खालची पानं बोटाने निपटून काढतात आणि काडी कोकोपीटमध्ये खोचतात. नवीन मुळं पेऱ्यातूनच फुटतात, त्यामुळे एक पेरं आत गेलंच पाहिजे. ‘दादा, भाताचं आवण काढताना पण मूळ असंच जपतात,’ असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. शिकवण्यासारखं फार काही उरलंच नव्हतं.

अनुबियासला मात्र घाई चालत नाही. त्याचं आडवं खोड, म्हणजे रायझोम, धारदार पात्याने कापायचं. प्रत्येक तुकड्याला तीन-चार पानं हवीतच. हे खोड वाळूत पुरलं की सडतं. म्हणून ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचं, मुळं आपापली चिकटतात. जावा फर्नला कात्रीही लागत नाही, जुन्या पानाच्या पाठीवर पिलं धरतात. त्यातली टोकाशी झिपऱ्या फुटलेली जात ‘विंडेलोव्ह’. ज्यांच्या नावावरून ती ओळखली जाते त्या होल्गर विंडेलोव्ह यांनी १९७० साली डेन्मार्कमध्ये ट्रॉपिका ही नर्सरी सुरू केली.

क्रिप्टोकोरायनच्या काही जाती तर आपल्याच आहेत. रेट्रोस्पायरॅलिस कोकणातल्या नद्यांत खडकांच्या फटींत वाढते. ती ओढ्यातून उपटून आणून देणारे भेटतात. मी घेत नाही. मातृरोपं जपली तर त्यांच्या फुटव्यांवर माझं भागतं. नदीतली गेलेली झाडं परत कोण लावणार?

बारा वाजता मागच्या खोलीतल्या टाक्यांकडे. टायमरवर कार्बन डायऑक्साइडचा गॅस तासभर आधी सुरू झालेला असतो, मग दिवे लागतात. ड्रॉप चेकर हिरवा दिसला पाहिजे. निळा म्हणजे गॅस कमी, पिवळा म्हणजे जास्त. इथे झाडाला पाण्याखाली राहायची सवय लावतो. हवेतल्या पानावर मेणाचा थर असतो, पाण्यात त्याचा काही उपयोग नाही. ती पानं पिवळी पडून विरघळतात आणि खालून नवी, पातळ, निमुळती पानं येतात. रोटालाचं गोल पान लांबट होतं, उजेड भरपूर असेल तर लालसरही. याला तीन-चार आठवडे लागतात, टाकी अडते, वीजबिल वाढतं. तरी गिऱ्हाइकाला हवेतलं रोप ‘टाकीला तयार’ म्हणून विकणं मला पटत नाही. नवशिक्याच्या टाकीत सगळी पानं आठ दिवसांत विरघळली की तो स्वतःला दोष देतो आणि छंदच सोडतो.

दुपारी जेवण, थोडी पाठ टेकायची.

तीनला पॅकिंग. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळी, पिशवीत पाणी नाही, फक्त हवा. मग थर्माकोलचा खोका. संध्याकाळच्या कोंडीत खोका उन्हात तापला तर आतलं झाड शिजतं, म्हणून कुर्ल्याच्या बाजारात जाणारा माल चारच्या आत निघतो.

पाचनंतर डोंबिवली, पलावाकडची मंडळी येतात. पहिल्यांदाच टाकी लावणाऱ्याला मी गॅसचा सिलिंडर घ्यायला लावत नाही. अनुबियास, जावा फर्न, व्हॅलिसनेरिया घ्या, दिवा रोज सहा-सात तास लावा, एवढंच सांगतो. चिमुकली गोगलगाय दिसली की लोक घाबरतात. ती सडकं पान खाते, झाडाला त्रास देत नाही. नकोच असेल तर नवीन रोप तुरटीच्या पाण्यात भिजवून, स्वच्छ धुऊन लावावं.

साडेसहाला कचरा. छाटलेल्या काड्या पत्र्यावर पसरून कडकडीत वाळवायच्या, मग खतात. नाल्यात एक काडीसुद्धा टाकायची नाही. उल्हास नदीवर दरवर्षी पसरणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. शोभेचं झाड म्हणूनच ती जगभर नेली गेली. टाकी बंद करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, झाडं देसाई खाडीत सोडू नका, मला परत आणून द्या, पैसे घेणार नाही.

आठ वाजता फोनवरचे फोटो. ‘काका, सगळी पानं गेली, फेकून देऊ का?’ खोड दाबून बघा, म्हणतो. टणक असेल तर सडकी पानं कापा, मुळाला हात लावू नका, तीन आठवडे थांबा. मऊ पडलं असेल तर या, दुसरं देतो.